आरोग्यसेवेची निवड की गुणांची वाटणी?

बारावीपाठोपाठ ‘नीट’चा निकाल लागला की गोमंतकातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : गोमेकॉत प्रवेश मिळेल का? मुलाला किंवा मुलीला आरोग्यक्षेत्रात का जायचे आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. विचारलेच तर ‘समाजसेवा’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

या ओढीमागे जुना इतिहास आहे. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिथून शिकून बाहेर पडलेले अनेक गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेत सरकारी सेवेत रुजू झाले. म्हणजेच वैद्यकीय पदवी हे रुग्णसेवेइतकेच प्रतिष्ठेचे, स्थिर उत्पन्नाचे आणि परदेशाचे दार उघडणारे साधन तेव्हाही होते. आजच्या विद्यार्थ्याची प्रेरणाही अशीच संमिश्र असते आणि त्यात वावगे काही नाही.

वावगे आहे ते निवडीच्या पद्धतीत. २०२४ मध्ये ‘नीट’साठी देशभरातून २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा त्या वेळी लाखाच्या थोड्या वर होत्या. उरलेल्यांपैकी बरेचजण दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी किंवा नर्सिंगकडे वळतात. त्यांतील काहींची ती पहिली पसंती असते; अनेकांसाठी मात्र गुणांच्या शिडीवरची ती पुढची पायरी ठरते. मग पदवी हाती येते, पण ‘डॉक्टर होता आले नाही’ हा सल जात नाही.

रुग्णालय मात्र अशा शिडीवर चालत नाही. अतिदक्षता विभागातील यंत्र डॉक्टरइतकेच परिचारिकेच्या आणि तंत्रज्ञाच्या कौशल्यावर अवलंबून असते, हे कोविडने दाखवून दिले. सत्तरी किंवा काणकोणच्या गावातील रुग्णाची पहिली गाठ बहुधा आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेशी पडते. तीच अनुभवी परिचारिका आखातात, ब्रिटनमध्ये किंवा आयर्लंडमध्ये गेली, तर दोष तिच्या सेवाभावाला देता येणार नाही. तिथे वेतन अधिक आहे आणि बढतीची वाटही स्पष्ट आहे.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, डायलिसिस तंत्रज्ञान यांसारख्या व्यवसायांना वैधानिक चौकट दिली. पण कायद्याने मिळणारी ओळख आणि समाजात मिळणारा मान यांत अंतर राहते. ते भरून काढण्यासाठी दहावीनंतर शाखा निवडण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना या व्यवसायांचे प्रत्यक्ष काम दाखवायला हवे. कंत्राटी नेमणुकांऐवजी नियमित पदे आणि बढतीचा निश्चित क्रमही हवा. विद्यार्थी आरोग्यसेवा का निवडतात, याइतकाच ती निवडल्यावर तिच्यात का टिकत नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांपेक्षा सरकारने आणि पालकांनी देणे आहे.