दोन वर्षांचे संपादक

“पोरांनी वर्तमानपत्र-वर्तमानपत्र खुशाल खेळावे, कारभारात नाक खुपसू नये,” असे एक अधिकारी मला म्हणाले. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी तेव्हा संध्याकाळच्या वर्गाला जात असे. वय चाळिशीपलीकडचे, म्हणजे मीही पोरच!

हे नाक कोठे खुपसले होते? विश्वस्त लोकांनी निवडून दिलेले, पैसा करदात्यांचा, आणि १९५३ च्या ब्राउन कायद्याने त्यांच्या सभा उघड्या. पण तेथे जाऊन बसतो कोण? गावचे वर्तमानपत्र केव्हाच मिटलेले. दिवसभर दुकानात राबून आलेली एक विद्यार्थिनी तेवढी वही घेऊन बसे. पार्किंगचे दर कसे वाढले ते तिने छापले, हा तिचा अपराध.

इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात २००० साली डीनबाईंनी सरळ छापखान्यालाच फोन केला. २००५ साली अपील न्यायालयाने त्यांना मोकळे सोडले. मग २००७ साली विद्यार्थी-पत्रांच्या रक्षणासाठी त्या राज्याला कायदा करावा लागला. आमची मंडळी अधिक शहाणी. त्यांनी नुसती वाट पाहिली. दोन वर्षांचे कॉलेज. संपादक निघून जातो, अधिकारी राहतो. मुलगी गेली, आणि पुढच्या सत्रात पत्रकारितेचा वर्ग ‘विद्यार्थी कमी’ म्हणून रद्द. कोणी कात्री लावली नाही, कोणी फोन केला नाही. तरी मी याला गळचेपीच म्हणतो.

(आपल्याकडे कॉलेजच्या वार्षिकात प्राचार्यांचा फोटो आणि सहलीची वर्णने असतात, म्हणून आपण हसू नये.)

परवाच्या सभेला मी मुद्दाम गेलो. ऐकायला मी एकटाच होतो. पार्किंगचा दर पुन्हा वाढला.