शाळा सोडली की सुटली?

"तुमच्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." पनवेलमध्ये चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मुसलमान मुलगा आठवीनंतर गॅरेजमध्ये दिसला, की लोक त्याचा धर्म बघतात. त्याच्या बापाची कमाई कोणी विचारत नाही.

जरा शहराबाहेर चला. पनवेल तालुक्यातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात, वर्ष बुडते, शाळा सुटते. तिथे कोणता मौलवी आडवा आला? जिथे रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे मूल आधी शाळेबाहेर पडते, मग ते कोणाचेही असो.

2006 च्या सच्चर अहवालात म्हटले होते की, 6 ते 14 वयाची सुमारे एक चतुर्थांश मुस्लिम मुले शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. शाळकरी वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुलेच मदरशात शिकतात, हेही त्यातच आहे. पहिला आकडा सगळ्यांना पाठ आहे. दुसरा कोणी सांगत नाही.

शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच साथ देतो. शिवाय या कायद्याने शिक्षण मोफत आहेच, असे सांगून केंद्राने 2022 मध्ये पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. फी माफ झाली म्हणून वह्या, चपला आणि रिक्षाभाडे माफ होते का? आणि चौदाव्या वर्षी हक्क संपतो, नेमके तेव्हाच मुलाच्या हातात पाना येतो.

आता थोडे आपल्या मोहल्ल्याबद्दल. "शिकून तरी नोकरी कोण देणार?" हे आपणच म्हणतो. भेदभाव खरा आहे, पण अर्धवट शिकलेल्याला तर अर्जही करता येत नाही. मुलीच्या लग्नाच्या जेवणासाठी आपण कर्ज काढतो, तिच्या दहावीच्या क्लाससाठी नाही. गरिबीचा जाब सरकारला विचारूच. या हिशेबाचा जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.

दर जूनमध्ये प्रत्येक जमातीने आठवी पास मुलामुलींची यादी करावी. नववीत जे दिसणार नाहीत, त्यांच्या घरी जावे. उपदेश करायला नव्हे. खर्च किती अडतो ते विचारायला.