‘सिस्टीमने नाकारले’ हे कारण होऊ शकत नाही



सरकारी योजनांतले ‘बोगस लाभार्थी’ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शोधून काढणार, अशा घोषणा अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. करदात्यांच्या पैशाची गळती थांबावी याबद्दल दुमत असायचे कारण नाही. पण यंत्राने एखाद्याचे नाव वगळले तर त्या निर्णयाखाली सही कोणाची, याचा या घोषणांत कुठेच उल्लेख नसतो. अशा प्रणाली लिहिणाऱ्यांच्याच व्यवसायात मी आहे आणि तरीही माझे मत स्पष्ट आहे: सहीचा प्रश्न सुटल्याशिवाय निव्वळ यंत्राच्या शिफारशीवर कोणाचाही हक्क थांबवू नये.

शेजारच्या तेलंगणात काय झाले ते पाहा. तिथे संगणकीय निकषांवर सुमारे 19 लाख शिधापत्रिका रद्द झाल्या आणि लोकांना आधी नोटीसही मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितले. त्या राज्याची ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली वाहन, जमीन, वीजजोडणी अशा वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून कोण गरीब आणि कोण नाही हे सुचवते. नावातल्या साम्यामुळे भलत्याचीच मोटार गरिबाच्या नावावर चढली आणि त्याचे धान्य बंद झाले, अशी प्रकरणे पत्रकारांनी पुढे आणली आहेत.

ही चूक कशी होते हे समजून घेतले पाहिजे. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत, हे संगणकाला ठाऊक नसते. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, जन्मतारीख ताडून तो साम्याचा एक आकडा देतो. मग कुठे तरी रेघ ओढावी लागते: समजा, 85 च्या वर गेले की माणूस एकच धरायचा. रेघ 80 वर आणली तर बोगस नावे जास्त सापडतात, पण निर्दोष माणसेही जास्त अडकतात. 95 वर नेली तर उलटे होते. ही रेघ यंत्र ओढत नाही. प्रकल्पाच्या एखाद्या बैठकीत, मुदत गाठायच्या घाईत, कोणी तरी माणूस ती ठरवतो. किती निर्दोष अडकलेले चालतील, हा खरा प्रश्न. तो विधिमंडळात चर्चेला यायला हवा. प्रत्यक्षात तो कोडमधल्या एका ओळीत परस्पर निकालात निघतो.

आणि आपल्याकडच्या नोंदी तरी कशा आहेत? ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत एक कार्यालय ‘डी’पासून लिहिते, दुसरे ‘जी’पासून. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. गुरुजींनी शाळेत घालताना 1 जून ही जन्मतारीख टाकली, अशा तर पिढ्याच्या पिढ्या आहेत. त्यात एकेका गावात एकाच नाव-आडनावाची पाच-सहा माणसे सापडतात. प्रणाली 99 टक्के अचूक असल्याचे सादरीकरणात सांगतात तेव्हा टाळ्या पडतात. एक कोटी कुटुंबांवर ती चालवली तर उरलेला एक टक्का म्हणजे एक लाख कुटुंबे. हा लाखाचा आकडा सगळ्या थरांत सारखा पसरत नाही. ज्यांची कागदपत्रे तोकडी, त्यांच्याच वाट्याला तो येतो: ऊसतोड कामगार, विधवा, भाड्याच्या खोल्या बदलत राहणारी कुटुंबे.

हा केवळ गरीब देशाचा, अर्धवट नोंदींचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने नेदरलँड्सकडे पाहावे. तिथल्या कर खात्याने बालसंगोपन अनुदानातील गैरव्यवहार हुडकण्यासाठी स्वतः शिकणारी जोखीम-प्रणाली वापरली आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा त्यातला एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला आणि अनुदानाची रक्कम परत करण्याच्या नोटिसा आल्या. जानेवारी 2021 मध्ये या प्रकरणावरून तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

आपल्याकडे यावर एक ठरलेले उत्तर मिळते: आम्ही जात-धर्माचा रकाना वापरतच नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणीही हे उत्तर मान्य करू नये. आडनाव, वस्तीचा पत्ता, शाळेचे नाव यांतून जात कळते, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. जुन्या निर्णयांत जो पक्षपात होता, तो या रकान्यांतून शिकून यंत्र पुढे चालवते. रकाना काढला म्हणजे पक्षपात गेला असे नव्हे. तो नुसता दिसेनासा झाला.

माणूस तरी कुठे निष्पक्ष आहे, कारकून पैसे खातो, यंत्र खात नाही, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. पण तलाठ्याची चूक त्याच्या सज्जापुरती राहते. प्रणालीतली चूक एका रात्रीत सगळ्या जिल्ह्यांत लागू होते. तलाठ्याच्या वर तहसीलदार असतो, त्याच्या वर प्रांत असतो. अर्ज करता येतो, भांडता येते. ‘सिस्टीम घेत नाही’ असे खिडकीवरून ऐकल्यावर माणसाने अपील कोणाकडे करायचे? भ्रष्ट कारकुनावर उपाय म्हणून निनावी कारकून नेमणे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

निर्णयाची जबाबदारी ठरवण्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत, असे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 आजही सांगते. ‘साम्य 91’ हे कारण नव्हे. कोणत्या खात्यातली कोणती नोंद तुमची समजली गेली, हे सांगणे म्हणजे कारण. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ‘मार्व्हल’ ही कंपनी राज्याने 2024 मध्येच उभी केली. तंत्र आणायला जी तत्परता दाखवली, ती जबाबदारी ठरवतानाही दाखवावी.

म्हणून राज्य सरकारने एक शासन निर्णय काढून तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात. एक, यंत्राने खूण केलेल्या प्रत्येक प्रकरणात लाभ थांबवण्याआधी घरी जाऊन पडताळणी व्हावी. दोन, लाभ नाकारल्याचे पत्र मराठीत असावे, त्यात नेमके कारण, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा आणि अपिलाची मुदत असावी. तीन, निविदेतच अट असावी की प्रणाली आपल्याच जिल्ह्यांतल्या नोंदींवर तपासली जाईल आणि चुकीने वगळलेल्यांचे प्रमाण स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी असे वेगवेगळे जाहीर होईल.

उरला प्रश्न आम्हा अभियंत्यांचा. ‘आम्ही फक्त शिफारस देतो, निर्णय खाते घेते’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार सोयीचे झाले आहे. शिफारस जशीच्या तशी निर्णय होणार हे आपल्याला ठाऊक असते. तेव्हा चुकीने वगळलेल्यांचा आकडा वेगळा मोजला नसेल आणि दाद मागायची वाट आखलेली नसेल, तर प्रणाली चालू करायला संमती देऊ नका. आणि तो नकार ईमेलवर लेखी नोंदवा. ज्या बैठकीत रेघ ठरते, तिथे सरकार नसते, न्यायालय नसते, लाभार्थी तर नसतोच. तिथे आपण असतो.

— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे