प्रत्यारोपणानंतरचा रुग्ण कोणाचा?

१९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्या वेळी जे नवल होते ते आज नित्याचे उपचार झाले आहेत. त्यांचा खर्च उचलण्याची जबाबदारीही शासनाने काही अंशी पत्करली आहे. थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडिया ही सार्वजनिक कंपनी २०१७ पासून दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य देते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेले, आणि त्याहून महागड्या उपचारांसाठी राखीव निधी ठेवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु या साऱ्या तरतुदींच्या मुळाशी एक समजूत दडलेली आहे: प्रत्यारोपण ही एकदा घडून संपणारी गोष्ट होय. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत मोजावी लागते ती गरीब रुग्णाला.

दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजल्या म्हणजे त्यांच्यासोबत दात्याची प्रतिकारशक्तीही येते. नव्या घरातील अवयव तिला परके वाटू लागले की ती त्यांच्यावरच चालून जाते. वैद्यकात यास ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज म्हणतात. त्याचा जुनाट प्रकार दात्याकडून प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांपैकी सुमारे तीस ते सत्तर टक्क्यांना गाठतो, आणि तोही बहुधा रुग्ण घरी परतल्यानंतर. कातडी ताठरते, सांधे आखडतात, डोळ्यांतले पाणी आटते, तोंडात व्रण पडतात, यकृत बिघडते. फुप्फुसातील सूक्ष्म नलिका एकदा बुजल्या की बहुधा पुन्हा मोकळ्या होत नाहीत. ही प्रतिकारशक्ती सरसकट दडपून टाकावी, तर रक्ताच्या कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींना आवर घालणारीही तीच. म्हणून या रोगाचा उपचार म्हणजे तारेवरची कसरत असते. तो सरासरी दोन-तीन वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ चालतो.

पहिले औषध प्रेडनिसोलोन. ते स्वस्त आहे आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. परंतु जवळजवळ निम्म्या रुग्णांना त्याचा पुरेसा गुण येत नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा व जंतुसंसर्ग ही त्याची भेट ठरलेली. गेल्या काही वर्षांत पुढची औषधे आली. अमेरिकेत २०१७ मध्ये इब्रुटिनिबला, २०२१ मध्ये बेलुमोसुडिल व रुक्सोलिटिनिब यांना आणि २०२४ मध्ये अ‍ॅक्सॅटिलिमॅबला मान्यता मिळाली. स्टेरॉइडने गुण न आलेल्या ३२९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस आठवड्यांनंतर रुक्सोलिटिनिब घेणाऱ्यांपैकी ४९.७ टक्क्यांना गुण आला होता, इतर उपलब्ध उपचार घेणाऱ्यांपैकी २५.६ टक्क्यांना. विज्ञानाने आपले काम केले आहे. ज्याला ही औषधे परवडत नाहीत त्याच्या वाट्याला मात्र प्रेडनिसोलोनच येते, आणि तेही हाडे पोखरेपर्यंत. एकाच रोगाचे दोन उपचार, आणि निवड करणार रुग्णाचा खिसा!

आता हा रुग्ण केज तालुक्यातील नांदूरघाटचा आहे असे समजा. डॉक्टर सांगतात, उन्हात जाऊ नका, कारण उन्हाने कातडीचा रोग उसळतो. धूळ, शेणमाती व गर्दी टाळा. तिखट खाऊ नका. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीस या. ज्याचे कुटुंब दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जाते, त्याने उन्हाविना, धुळीविना पोट कसे भरावे? खारघर येथील टाटाच्या केंद्रापर्यंतचे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. प्रत्येक खेपेला रुग्णाची आणि सोबत्याची मजुरी बुडते. म्हणून एक खेप चुकते, मग दुसरी. आणि धाप लागू लागल्यावर जेव्हा तो डॉक्टरपुढे उभा राहतो, तेव्हा फुप्फुसाचे जे गमवायचे ते गमावून झालेले असते.

उपचार पार पाडायचे आणि नंतरच्या आयुष्याकडे पाठ फिरवायची, हे बीड जिल्ह्याने पूर्वीही पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. तेथे नको ती शस्त्रक्रिया झाली, येथे हवा तो उपचार होतो. पण दोन्हीकडे नंतरची वर्षे रुग्णाने एकट्यानेच काढावयाची.

यावर असे म्हटले जाईल की असे रुग्ण मूठभर. ज्या जिल्ह्यात बाळंतिणीला रक्त मिळण्याची भ्रांत, तेथे ही चैन कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो टिकणारा नाही. एका प्रत्यारोपणावर सार्वजनिक तिजोरीतून लाखो रुपये खर्चून पुढच्या गोळ्यांवाचून तो रुग्ण गमावणे, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी होय. शिवाय श्वासाची क्षमता मोजणारे यंत्र, नेत्रतपासणी, मधुमेहावर व हाडांवर लक्ष आणि बाह्यरुग्ण विभागातून नियमित औषधे, यांपैकी काहीही केवळ या मूठभरांसाठी लागत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला, संधिवाताचा, दम्याचा, असे सारेच रुग्ण त्याचे धनी होतील.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्यारोपणाला दिलेल्या साहाय्यातच पुढील किमान तीन वर्षांची औषधे व तपासण्या धरल्या जाव्यात. दुसरी, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात अशा रुग्णांसाठी ठरावीक दिवशी तपासणी व्हावी आणि तेथील डॉक्टरांचा खारघरच्या तज्ज्ञांशी नियमित संपर्क राहावा. ग्रामीण भागासाठी म्हणूनच उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयाचे ते कर्तव्य आहे. तिसरी, क्षयरोग्यांना २०१८ पासून पोषणासाठी मासिक रक्कम मिळते, त्याच धर्तीवर या रुग्णांना प्रवासखर्च व बुडीत मजुरी मिळावी.

चौथी मागणी औषधांच्या किमतीची. २०१२ मध्ये शासनाने पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याचे कलम वापरले, तेव्हा कर्करोगावरील सोराफेनिबची महिन्याची किंमत २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आली. ते कलम आजही कायद्यात आहे. ते पुन्हा हाती घ्यावयाचे की शोभेला ठेवावयाचे, हा प्रश्न वैद्यकाचा नाही, राजकीय इच्छेचा आहे. मृत्यूच्या दारातून माणसाला माघारी आणण्याचे श्रेय शासन घेते, ते त्याने अवश्य घ्यावे. परंतु माघारी आणलेल्या माणसाला जगविणे हेही त्याच कामाचा भाग आहे, आणि ते काम रुग्णालयाच्या दारात संपत नाही. ते नांदूरघाटपर्यंत पोहोचले पाहिजे.