नसलेलं भोक

‘पीरियड करेक्ट’ हा शब्द मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता कुणी उच्चारला तरी हात आपोआप पाकिटावर जातो. जुन्या अमेरिकन मसल कारच्या जाहिरातीत हा शब्द दिसला की बहुतेक वेळा समजावं, मालकाकडे पुरावा नाही, पण आव मात्र पुराव्याचा आहे. ‘ओरिजिनल’ म्हटलं तर कुणीतरी सिद्ध करायला सांगेल ना! मग ‘पीरियड करेक्ट’. म्हणजे ‘त्या काळात असं असायचं हो’.

हे सगळं मी का बडबडतोय? सांगतो.

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणाऱ्या असंख्य मराठी पोरांपैकी एक. नोकरीनं डेट्रॉइटजवळ आणून टाकलं. इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. ती एकदा पाहिली आणि सातवीत वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढणारा मी पुन्हा जागा झालो. ऑफिसातल्या एका सीनियरच्या गॅरेजात त्याच्या वडिलांची १९६९ची कॅमॅरो आहे हे कळल्यावर तर शनिवार-रविवार तिथेच. (आपण त्याला ‘मालक’ म्हणू.) वडिलांनी ती नवी घेतली होती. ते गेल्यावर मालकानं आतली बाजू नीट करायला काढली, आणि पार्ट शोधायचं काम हौसेनं मी घेतलं.

हौसेनं म्हणजे एक्सेल शीट केली हो! कॅटलॉग उघडला, एकेक पार्टची ओळ टाकली. १९६९च्या कॅमॅरोचे शेकडो फोटो पाहिले, सगळ्यांत पुढच्या सीटना हेडरेस्ट. आमच्या गाडीत नव्हते. मालक म्हणाला, बाबांनी काढून टाकले असतील. मला पटलं. सीट कव्हर ‘हेडरेस्टसह’ मागवली, हेडरेस्ट मागवले. सीटवाल्यानं जुनी कव्हरं ओरबाडून कचऱ्यात टाकली, फ्रेमला भोकं पाडली, नवी चढवली. झकास दिसत होतं.

मग एक दिवस बॉनेट उघडून फायरवॉलवरचा ट्रिम टॅग पुसला. हा पत्र्याचा छोटा तुकडा म्हणजे गाडीच्या बॉडीचा जन्मदाखला. त्यावर ‘एनओआर’, म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. ट्रिम ७११, म्हणजे साधं काळं व्हिनाइल. आणि तारीख ११बी. अकरावा महिना, दुसरा आठवडा. नोव्हेंबर १९६८.

इथे माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकेत प्रवासी गाड्यांना पुढे हेडरेस्ट सक्तीचे झाले ते १ जानेवारी १९६९पासून बनलेल्या गाड्यांना. त्याआधी बनलेल्या ‘१९६९’ मॉडेलमध्ये ते जास्तीचे पैसे देऊन घ्यायची गोष्ट होती. आमच्या गाडीत ते नव्हतेच. कुणी काढले नव्हते. गाडी मुळात बरोबर होती आणि मी ती ‘दुरुस्त’ केली.

सगळ्यात चीड कशाची येते माहितीये? जुन्या कव्हरांना वरच्या कडेला हेडरेस्टच्या दांड्यांसाठी भोकच नव्हतं. साक्षीदार समोर बसून ओरडत होता, भोक नाही रे बाबा! आणि मी मनाशी ठरवलं की वडिलांनी कधीतरी कव्हरं बदलून घेतली असणार. कॅटलॉगशी पुरावा जुळेना, तर पुरावाच खोटा ठरवला. ऑफिसात हेच कुणी ज्युनियरनं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

तर माझा मुद्दा हा. ‘पीरियड करेक्ट’ काय ते ठरवताना गाडीचं मॉडेल वर्ष विचारणं म्हणजे काहीच न विचारणं. विशेषतः १९६९च्या कॅमॅरोत. पुढचं नवं मॉडेल लांबलं, ते फेब्रुवारी १९७०मध्ये आलं, त्यामुळे १९६९चं मॉडेल १९६८च्या उत्तरार्धापासून थेट नोव्हेंबर १९६९पर्यंत बनत राहिलं. दोन लाख त्रेचाळीस हजारांच्या वर गाड्या. त्यांना एकच ‘बरोबर’ इंटीरियर कसं असेल? १९६८च्या मॉडेलचंही तेच. खांद्यावरचे पट्टे १ जानेवारी १९६८पासून सक्तीचे झाले (कन्व्हर्टिबलला सूट होती), म्हणजे तिथेही एकाच मॉडेलचे दोन तुकडे.

तुम्ही म्हणाल, कंपनीकडे रेकॉर्ड असेल, विचार की! हाच तर विनोद आहे. फोर्डची १९६७पासूनची माहिती मिळते, पैसे भरा, रिपोर्ट घ्या. पॉन्टिॲकच्या बिलांच्या प्रती मिळतात, म्हणजे कॅमॅरोचं भावंड असलेल्या फायरबर्डची कुंडली हातात येते. कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाडीचीही येते. पण अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेची कोणत्या गाडीत काय बसवलं अशी यादी कंपनीकडून मिळत नाही. नशीब असेल तर कारखान्यातला बिल्ड शीटचा कागद गाडीतच कुठेतरी दडलेला सापडतो. नाहीतर गाडी हाच कागद.

आणि ट्रिम टॅगही सगळं सांगत नाही. रंग आणि कापड सांगतो. कन्सोल होता का, त्यावर जादा मीटर होते का, रेडिओ कुठला, यावर तो गप्प. ते गालिचा उचलून टनेलवरच्या भोकांवरून, डॅशमागच्या वायरिंगवरून, सीटच्या पट्ट्यांवर शिवलेल्या लेबलवरून वाचावं लागतं. त्या लेबलवर तारखेचा कोड असतो. नियम साधा आहे. गाडीच्या तारखेनंतर बनलेला पार्ट गाडीबरोबर आलेला असूच शकत नाही. आधीचा असेल तर आलेला असू शकतो, एवढंच. ‘असू शकतो’ आणि ‘होता’ यांच्यातल्या फटीत हा सगळा धंदा चालतो.

धंदा म्हटलं की रागाचा दुसरा विषय. हाउंडस्टूथ! काळ्या-पांढऱ्या चौकडीचं ते कापड. ते ‘कस्टम’ इंटीरियरबरोबर मिळायचं, त्याच्या दारांच्या पॅनेलमध्ये हात टेकायची जागा साच्यातच घडवलेली, डॅशवर लाकडासारखी नक्षी. साध्या इंटीरियरला सपाट पॅनेल आणि वरून स्क्रूनं बसवलेला आर्मरेस्ट. आज प्रदर्शनात बघा, ज्याच्या त्याच्या गाडीत चौकडी. ७११ टॅगवाले पण चौकडी लावून उभे आणि पाटीवर लिहिलेलं ‘पीरियड करेक्ट’. अरे, कापड त्या काळातलं आहे, कबूल. पण तुझ्या गाडीतलं नाही! आपल्याकडे गावच्या देवळाच्या जुन्या दगडाला बाथरूमच्या टाइल्स लावून वर ‘जीर्णोद्धार’ लिहितात, त्यातलाच प्रकार. हौशी लोक साधी इंटीरियर अशीच काढून टाकत राहिले तर साध्या गाड्या कशा होत्या हे सांगायला गाडीच उरायची नाही. आणि ही गाडी मुळात साध्या माणसांनी हप्ते भरून घेतलेली होती, हे विसरू नका.

‘एनओएस’वाल्यांचं तर विचारूच नका. न वापरलेला जुना स्टॉक म्हणून चौपट किंमत लावतात. डब्यावर कंपनीचं नाव असतं हे खरं. पण बदलीसाठी डीलरकडे येणारे पार्ट नंतरची कित्येक वर्षं बनत असत, आणि त्यांत बारीकसारीक बदल होत. डबा खरा, आतला पार्ट खरा, पण १९६८च्या नोव्हेंबरचा नव्हे.

आता उलट बाजू. काही कट्टर मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि कारखान्यातून जे आलं नाही ते सगळं कचरा मानतात. आमच्या गाडीत डॅशखाली मालकाच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात स्वतः बसवलेला एट-ट्रॅक टेपप्लेअर आहे. एक जाणकार गृहस्थ बघून म्हणाले, हा काढा आधी, मार्क जातील. माझं डोकंच फिरलं. या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या टेपप्लेअरला लागू आहे! त्या काळातला पार्ट, त्या काळात, याच गाडीत, पहिल्या मालकाच्या हातानं बसलेला. स्क्रू वाकडे आहेत. असू देत.

मी शुद्धतेचा ठेकेदार नाही. मालकाला उद्या ब्लूटूथ रेडिओ बसवायचा असेल तर खुशाल बसवावा, गाडी त्याची आहे. चौकडी आवडत असेल तर चौकडी. फक्त पाटीवर खरं लिहावं, आणि जुनं काढलेलं खोक्यात भरून तारीख टाकून माळ्यावर ठेवावं. एवढंही जमत नसेल तर निदान फोटो.

मी फोटोसुद्धा काढले नव्हते. जुन्या कव्हरांचा एकच फोटो आहे, त्यात मी पुढे दात काढून उभा आहे आणि मागे अर्धी सीट. मालकाला टॅगची तारीख सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. मग मागच्या सीटच्या पट्ट्यावरचं लेबल अंगठ्यानं पुसत बसला. तेही १९६८चंच निघालं. ‘म्हणजे बाबांनी काढले नव्हते’, एवढंच म्हणाला. इतकी वर्षं तो मनात वडिलांवर एक छोटासा आळ घेऊन बसला होता आणि मी त्यावर एक्सेलचा शिक्का मारला होता.

बिनभोकाची कव्हरं पुन्हा मागवलीत, माझ्या पैशानं. फ्रेमची भोकं मात्र राहणार. पुढच्या शनिवारी गालिचा उचलायचाय. मालकानं बजावलंय, कॅमेरा आण, एक्सेल घरीच ठेव.