सौम्य तापाचा जड हिशेब

रोगाची साथ म्हटली की भरून वाहणारी रुग्णालये आणि रोज वाढणारा मृत्यूंचा आकडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. झिकाची साथ या चित्रात बसत नाही. या विषाणूची बाधा झालेल्या पाचांपैकी सुमारे चौघांना त्रासच होत नाही. उरलेल्यास थोडा ताप, अंगावर पुरळ, डोळ्यांची लाली, सांधेदुखी एवढेच होते, आणि तेही आठवड्याभरात ओसरते. १९४७ साली युगांडातील झिका अरण्यात एका माकडाच्या रक्तात सापडलेला हा विषाणू म्हणूनच कित्येक दशके क्षुल्लक गणला गेला.

परंतु २०१३-१४ साली फ्रेंच पॉलिनेशियातील साथीत हातापायांतील बळ हरपविणाऱ्या गियाँ-बारे विकाराचे रुग्ण वाढले. पाठोपाठ २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये असाधारण लहान डोक्याची अर्भके मोठ्या संख्येने जन्मास आली. विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो व घडत्या मेंदूच्या पेशींवरच घाला घालतो, हे तेव्हा उमगले. मातेला पुरळही उठले नसेल, तरी बालकाची दृष्टी, श्रवण वा बुद्धी आयुष्यभरासाठी अधू होऊ शकते. जन्मतः धडधाकट दिसणाऱ्या बालकातही हे दोष पुढे प्रकट होतात.

महाराष्ट्रात पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला; २०२४ च्या पावसाळ्यात तर पुणे शहरातच साथ आली आणि बाधितांत अनेक गर्भवती निघाल्या. त्या सापडल्या, कारण त्यांची तपासणी झाली. जेथे तपासणीच नाही, तेथील शून्यावर विसंबणे ही आत्मवंचना होय.

या रोगावर लस नाही, रामबाण औषधही नाही. तो पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मग ते झोपडीतील पिंप असो की बंगल्याच्या गच्चीवरील कुंडीखालची ताटली. धुराची फवारणी उडते डास मारते, पाण्यातील अळ्यांना तिची झळ लागत नाही. तेव्हा पालिकांनी धुराच्या देखाव्यावर समाधान न मानता साथीच्या भागातील प्रत्येक गर्भवतीची विनामूल्य तपासणी करावी, आणि बाधित मातांच्या बालकांवर काही वर्षे लक्ष ठेवावे, अशी आमची मागणी आहे.

नागरिकांचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. आपल्या घरातील साठलेले पाणी ओतून देणे ही शेजारच्या, अद्याप न जन्मलेल्या जिवाची राखण आहे. आपल्याला ताप आला नाही, एवढ्यावरून त्या जबाबदारीतून कोणाचीही सुटका होत नाही.