एप्रिलमध्ये या!

पहिला पाऊस पडला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास उगवतात. टाकळा आणि वृक्षारोपण. टाकळ्याची निदान भाजी तरी होते.

चिडू नका मंडळी. गेली काही वर्षं दर रविवारी पुण्यातल्या एका टेकडीवर पाण्याचे कॅन वाहणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा हा घरचाच आहेर समजा. जुलैत तिथे बसगाड्या भरून माणसं येतात. एप्रिलमध्ये आम्ही सातजण असतो. आणि रोपं मरतात ती एप्रिलमध्ये! सरकारनेही २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी असे चढते आकडे जाहीर केले होते. आकडा नेहमी लावलेल्यांचाच. जगलेल्यांची मोजदाद करायला फोटोग्राफर येत नाही.

बरं, लावायचं काय? पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प लावलं गेलं. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, फांदी खोचली तरी जगतं, झटपट हिरवं दिसतं. वनखात्याला तेव्हा तेच हवं होतं, आणि उघड्या टेकडीकडे बघून कुणालाही तेच सुचलं असतं. पण आता त्याच्या गर्दीतून गणेर, धावडा, सालई, मोई यांना जागा करून द्यायची म्हणजे पिढीभराचं काम आहे. ही आपली झाडं हळू वाढतात, उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. पाहुण्यांना वाटतं, मेली वाटतं सगळी.

खरं तर पुष्कळदा लावायचीही गरज नसते. पळस, धावडा यांची खोडं तोडलेली असली तरी मुळं जिवंत असतात. कुऱ्हाड, शेळी आणि वणवा तीन-चार वर्षं लांब ठेवा, फुटवे आपसूक वर येतात. देवराया अशाच टिकल्या ना? १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्यांचा अभ्यास केला. तिथे कुणी खड्डे खणले नव्हते, फक्त देवाच्या धाकाने कुणी हात लावला नव्हता.

आता काकांसाठी. (वाचताय हे माहीत आहे!) आजोबांच्या नावाने सोलापूरकडच्या आपल्या माळावर पाचशे झाडं लावायचा तुमचा बेत मला मान्य नाही. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. तो माळ ओसाड वाटतो, पण चंडोल आणि धाविक तिथे जमिनीवरच अंडी घालतात. लांडगा, काळवीट यांना असंच उघडं गवत लागतं. माळढोकाचं अभयारण्य नान्नजला केलं ते तिथे गवत होतं म्हणूनच. शिवाय आजोबांची गुरं जन्मभर त्याच गवतावर जगली. विहिरीजवळ बांधावर पाच कडुनिंब आणि दोन चिंचा लावू, मी स्वतः येऊन आळी करीन. माळ तेवढा राहू दे. आत्या माझ्या बाजूने आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

असो. पुण्यातल्यांनी डिसेंबरात यावं, वाळलेलं गवत कापून जाळरेषा काढायच्या असतात. नंतर वणवा विझवत पळण्यापेक्षा ते बरं. विळे आमच्याकडे आहेत, हातमोजे तेवढे घेऊन या. कुसळं फार लागतात.